मलावीत सेवेला जाणाऱ्यांनी शहरातले दोन दिवस कसे काढावेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली मुलंमुली आता स्वयंसेवक म्हणून परदेशात जाऊ लागली आहेत. कुणी कृषी पदवीधर असतं, कुणी नर्सिंग केलेलं, कुणी डी.एड. झालेलं. काही जण संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून जातात (हा कार्यक्रम १९७० साली स्थापन झाला, मुख्य कचेरी जर्मनीत बॉनला आहे), काही लहान संस्थांमार्फत. गावात त्यांचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. पण चार महिन्यांनी तोच मुलगा तिथल्या एखाद्या शहरात चार-पाच सोबत्यांबरोबर हसत जेवताना मोबाइलवर दिसला, की पारावर लगेच विचारणा होते, "हा सेवेला गेला की मौजेला?" आईबापही फोनवर तेच विचारतात. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू त्या मुलालाही तसंच वाटू लागतं आणि तो शहरात जाणं टाळतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. महिना-दीड महिन्यातून एकदा सोबतच्या स्वयंसेवकांबरोबर शहरात काढलेला शनिवार-रविवार हा सेवेचाच भाग आहे, आणि जाण्यापूर्वीच्या तयारीत तो नीट शिकवला गेला पाहिजे. आम्ही मलावीत काम केलेले आणि आता जाणाऱ्यांची तयारी करून घेणारे लोक आहोत, म्हणून उदाहरणं मलावीची देतो. आफ्रिकेच्या आग्नेय भागातला हा लहान देश. त्यातला मोठा तलाव वगळला तर उरलेली जमीन जवळपास आपल्या विदर्भाएवढीच.

बाहेरून आलेला स्वयंसेवक विदर्भाला नवा नाही. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेचे स्वयंसेवक १९५०च्या दशकात वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन बांधकामाला राबले होते. पण ते घोळक्याने आले, घोळक्याने राहिले. आपला मुलगा मलावीत जातो तो एका गावात एकटा. दिवसभर सगळ्या गावाची नजर त्याच्यावर. तो काय खातो, कधी उठतो, कपडे कसे धुतो, सगळं पाहिलं जातं. बोलायचं ते परक्या भाषेत, मोडकंतोडकं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात याचा भार दिसू लागतो. मुलं चिडचिडी होतात, दुपारी दार लावून बसतात, शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या सहकाऱ्याशी क्षुल्लक कारणावरून बिनसतं. आजार लपवले जातात. पायाची जखम पंधरा दिवस भरली नाही किंवा वजन उतरलं, हे गावातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण त्याने आधीचा माणूस पाहिलेला नसतो. सोबतच्या स्वयंसेवकाला मात्र ते एका नजरेत कळतं. खेड्याला जसा बाजारदिवस लागतो तसा एकट्या स्वयंसेवकाला हा दिवस लागतो. माल तर येतोच, खबरबातही होते.

किती दिवसांनी जायचं? चार ते सहा आठवड्यांनी. त्याहून लवकर गेलात तर गाव तुम्हाला पाहुणाच समजतं, उशीर केलात तर वर सांगितलेलं सुरू होतं. सोबत्यांनी पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा आधीच ठरवून टाकाव्यात. आयत्या वेळी फोनवर ठरवायला गेलं तर नेटवर्क नसतं. निघण्यापूर्वी गावच्या प्रमुखाला आणि जिथे काम करता तिथल्या मुख्याध्यापकाला किंवा दवाखान्याच्या प्रमुखाला स्वतः भेटून सांगायचं, कुठे चाललो आणि रविवारी किती वाजता परत येणार. न सांगता गेलेला माणूस पळून गेला, असंच गाव धरून चालतं. आणि सलग दोनदा जो सोबती शहरात आला नाही, त्याच्या गावी एकाने जाऊन यायचं. फोनवर तो "सगळं ठीक आहे" असंच म्हणतो, म्हणून प्रत्यक्षच जावं लागतं.

आता प्रवास. तिथली मिनीबस आपल्या काळी-पिवळीसारखी भरल्याशिवाय हलत नाही. आडरस्त्यावर मिनीबसही नसते. तिथे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून जातात, त्याला मटोला म्हणतात. आणि जवळच्या अंतराला सायकल टॅक्सी, म्हणजे काबाझा. सकाळी सहापर्यंत रस्त्यावर उभं राहायला हवं. दिवस वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास मावळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखी सातपर्यंतची उजेडाची सवय तिथे उपयोगाची नाही. अंधारानंतर रस्त्यावर बिनदिव्याच्या सायकली, गुरं, मागचा दिवा नसलेले ट्रक असतात आणि अपघात तेव्हाच होतात. म्हणून रविवारी परतीची गाडी सकाळी दहा-अकराच्या आत पकडायची, हा नियम मोडायचा नाही. "जेवून निघू" म्हणणाऱ्यांची रात्र मग वाटेतल्या फाट्यावर जाते. मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारची पुढची जागा घेऊ नये, समोरासमोर धडक झाली तर तिथे वाचणं कठीण. मधल्या रांगेत बसावं, पिशवी मांडीवर, भाडं सुट्ट्या पैशांत वेगळ्या खिशात. देशात इंधनाची टंचाई मधूनमधून होते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या सोबत्याला पंपावर रांगा आहेत का ते विचारावं. रांगा असतील तर भाडं दुप्पट होतं आणि परतीची खात्री राहत नाही. अशा वेळी त्या आठवड्याचा बेत पुढे ढकलावा.

शहरात पोचल्यावर कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि नवी मुलं नेमकी इथेच चुकतात. आधी गप्पा, आंघोळ, जेवण होतं, आणि मग दुपारी दोनला बँकेपुढे जाऊन उभी राहतात. शनिवारी बँक अर्धा दिवस असते, दुकानंही दुपारनंतर मिटायला लागतात. म्हणून पोचल्याबरोबर मोबाइल आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, कारण वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. प्लग तिथे ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा असतो. आपला गोल पिनांचा बसत नाही, अॅडाप्टर इथूनच न्यावा. मग लगेच बँक. एटीएम बँकेच्या आवारातलंच वापरावं, उजेडात, आणि सोबत दुसरा माणूस असावा. महिनाअखेरचा शनिवार टाळावा, पगाराची गर्दी असते आणि यंत्रातली रोकड संपते. पैसे काढले की आत जाऊन काही नोटा मोडून घ्याव्यात. गावातल्या दुकानात मोठी नोट मोडत नाही आणि उधारी सुरू होते. रोकड तीन ठिकाणी विभागून ठेवावी. मोबाइलवरचे पैसे तिथे खेड्यापर्यंत चालतात, पण गावातल्या एजंटकडे हातात रोकड नसते, तेव्हा लागणारी रक्कम शहरातच काढून घ्यायची. त्यानंतर औषधाचं दुकान, मग कोरडा किराणा. भाजीपाला मात्र रविवारी सकाळी, गाडीत बसण्याच्या तासभर आधी. शनिवारी घेतलेले टमाटर गावी पोचेस्तोवर पिशवीत चटणी होतात.

मसाले, डाळी, बेसन हे शहरातच मिळतं, खेड्यात नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. पूर्वी मलावीच्या लहान बाजारगावांतही भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकानं होती. १९७०च्या दशकात तिथल्या सरकारने त्यांना खेड्यांतून उठवून मोजक्या मोठ्या शहरांत जायला लावलं. ब्लँटायर शहरातलं लिंबे आणि लिलाँग्वेचं जुनं शहर, इथे आजही त्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत. मालक बहुतेक गुजराती, कित्येक मुस्लिम. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकान बंद असतं. हे व्यापारी मायेने वागतात, जेवायला बोलावतात. बोलावलं तर जावं. पण एक भान ठेवावं: गावातले लोक आपल्यालाही त्यांच्यातलाच समजतात आणि दुकानदाराबद्दल त्यांच्या मनात जे काही बरंवाईट असेल ते आपल्या वाट्याला येतं. शहरात दोन्ही दिवस फक्त भारतीयांच्या घरी काढले तर हा समज पक्का होतो. म्हणून आमचा आग्रह असतो, की सोबत काम करणारा एखादा मलावीयन शिक्षक किंवा आरोग्यसेवक दर दोन-तीन खेपांना आपल्याबरोबर जेवायला असावा. त्याच्यासमोर आपसात मराठीत किंवा हिंदीत त्याच्या गावाबद्दल तक्रारी सांगू नयेत. शब्द कळले नाहीत तरी चेहरा कळतो.

जेवण एकत्र रांधावं. हॉटेलचा खर्च वाचतो हे खरं, पण मोठं कारण वेगळं आहे: भाजी चिरताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलत नाही. सहा जणांना वरण-भातासाठी तांदूळ ६०० ग्रॅम आणि तुरीची डाळ ३०० ग्रॅम पुरते. डाळ फोडलेली मिळाली तर ठीक. अख्खी तूर, जिला तिथे नंदोलो म्हणतात, ती आणली असेल तर शुक्रवारी रात्रीच भिजत घालायला कुणाला तरी सांगून ठेवावं. कुकर नसेल तर भिजवूनही कोळशावर दीड-दोन तास लागतात. मीठ, चिंच, टमाटर तूर पुरती मऊ झाल्यावरच घालावं. आंबट आधी पडलं की दाणा शिजत नाही, दोन तासांचे तीन तास होतात. भाकर मक्याच्या पिठाची करावी लागते. पांढरं शुभ्र बारीक पीठ घेऊ नये, त्यातला कोंडा आणि अंकुर काढलेला असतो आणि भाकर पापडासारखी तडकते. कोंड्यासकटचं, म्गाइवा नावाचं पीठ घ्यावं आणि चाळून घ्यावं. ज्वारीच्या सवयीने गार पाण्यात भिजवलं तर थापताच कडा फाटतात. एक किलो पिठाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी खळखळ उकळून, मीठ घालून त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवून दहा मिनिटं दडपायचं, मग गरम असतानाच मळायचं आणि जराशी जाडच थापायची. मध्यम आकाराच्या बाराएक भाकरी होतात. सांबार (कोथिंबीर) मिळेलच असं नाही. हिंग, काळा मसाला, हळद इथून न्यावी, पण दळलेली, सीलबंद. अख्खं बियाणं नेऊ नये, विमानतळावर वनस्पती तपासणीत अडवतात.

इथे एक जीवघेणी गोष्ट सांगायलाच हवी. कोळशाची शेगडी (म्बाउला) जून-जुलैच्या थंडीत ऊब म्हणून खोलीत ठेवून दार लावून झोपतात. मझुझूसारखी उत्तरेकडची शहरं उंचावर आहेत, थंडी चांगली पडते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, धूर दिसत नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक झाला की शेगडी उचलून बाहेर. निखारे विझलेले दिसले तरी बाहेरच.

तुरीचं नाव निघालं म्हणून थोडं विषय सोडून. भारताने २०२१ साली मलावीशी करार करून पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचं ठरवलं. आयातीने भाव पडतो, हा आपल्या यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्याचा राग रास्त आहे. पण तिकडे ती पिकवणारा माणूसही दोन-चार एकरवालाच आहे, मक्यात आंतरपीक म्हणून तूर टाकणारा. आपल्या पऱ्हाटीतल्या (कपाशीतल्या) तुरीच्या ओळी आठवाव्यात इतकं सारखं दिसतं. कृषी पदवीधर स्वयंसेवकांनी शहरातल्या दोन दिवसांत तिथल्या डाळगिरणीत एक चक्कर जरूर मारावी. भाव कोण ठरवतं, दाणा कुठे जातो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता आरोग्य, कारण शहरातल्या दोन दिवसांतच शिस्त सुटते. मलेरियाची गोळी शनिवारी हमखास चुकते. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ती रोज १०० मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी, जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याने. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. देश सोडल्यावरही चार आठवडे ती चालू ठेवायची असते. शहरात डास कमी म्हणून मच्छरदाणीविना झोपू नये. लॉजमधली मच्छरदाणी उजेडात ताणून भोकं तपासावी, सुईदोरा सोबत असावा. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीचा आहे, गडचिरोलीतल्या माणसाला त्याचा धाक वेगळा सांगायला नको.

तलावाचा मोह सगळ्यांनाच होतो, पाणी स्वच्छ निळं दिसतं. पण मलावी तलावाच्या उथळ, गवताळ काठाला गोगलगायींतून पसरणारा बिल्हार्झिया हा कृमींचा रोग आहे. त्याचे जंतू पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात, जखम लागत नाही. लव्हाळे असलेल्या काठी पाण्यात पाऊलही टाकू नये. उतरलातच तर तारीख लिहून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा. प्राझिक्वांटेल हे औषध वाढ झालेल्या कृमींवरच चालतं, म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन काही साधत नाही. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा.

दारूबद्दल घरचे विचारतात, म्हणून लिहितो. काही जण पितात. आमचा नियम एवढाच असतो की मुक्कामाच्या जागेबाहेर नाही, आणि सहात दोघांनी अजिबात नाही. रात्री मोटारसायकलवर मागे बसायचं नाही, मुलींनी आणि मुलांनीही एकट्याने टॅक्सीत नाही. मलावीत एचआयव्हीचं प्रमाण मोठं आहे. संबंध आलाच तर निरोध, आणि धोका घडला असं वाटलं तर ७२ तासांच्या आत दवाखाना. २८ दिवसांचा औषधाचा कोर्स असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी. हे आमच्या प्रशिक्षणात आईवडिलांसमोर बोलायला संकोच होतो, तरी आम्ही बोलतो. सोमवारपर्यंत वाट पाहिली की त्या मुदतीतला मोलाचा वेळ निघून जातो.

परत जाताना गावासाठी काय न्यायचं? ज्या घरच्यांचा आधार आहे त्यांच्यासाठी साखर, मीठ, साबण, एखादी पावाची लादी. पैसे नाही. गावकरी निरोप सांगतात, "शहरातून अमुक आण". आणावं, पण तीन-चार जणांचंच, पैसे आधी घेऊन, आणि दुकानाची पावती हातात द्यावी. तोंडी हिशेबात दोन-दोन क्वाचांवरून (क्वाचा हे तिथलं चलन) गैरसमज होतात आणि ते महिनोन्‌महिने पुरतात. रविवारी संध्याकाळी पोचल्यावर गावप्रमुखाला दर्शन द्यायला विसरू नये, आणि सोमवारच्या कामाची पिशवी शुक्रवारीच भरून ठेवलेली असावी. शहरातून आल्यावरचा सोमवार जड जातोच, त्या दिवशी हाताला ठरलेलं काम हवं.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. मलावीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथे दुपारचे साडेचार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. ही वेळ दोघांनाही सोयीची, शनिवारी तीच ठरवून घ्यावी. फोन आला नाही तर वीज किंवा नेटवर्क गेलं असं समजून रविवारपर्यंत थांबावं. आणि "शहरात कशाला गेला होतास?" असं विचारण्याऐवजी "कोण कोण भेटलं, काय रांधलं?" असं विचारावं. जो मुलगा या प्रश्नाला सलग दोन महिने "गेलोच नाही" म्हणतो, त्याची काळजी करावी.

आमची मागणी ज्या संस्था आणि महाविद्यालयं मुलांना पाठवतात त्यांच्याकडे आहे. निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात भाषा, संस्कृती, अहवाल लिहिणं सगळं असतं. यासाठी अर्धा दिवस ठेवा, आणि तो वर्गात बसवून नको. कोळशाच्या शेगडीवर मक्याची भाकर थापायला लावा, मच्छरदाणीचं भोक शिवायला लावा, पावतीसह सहा जणांचा हिशेब मांडायला लावा. परत आलेल्यांसाठीही एक सूचना इथल्या डॉक्टरांना द्यावी: वर्षभरात केव्हाही ताप आला किंवा लघवीत रक्त दिसलं, तर रुग्णाने "मी आफ्रिकेत होतो, तलावात उतरलो होतो" हे आपणहून सांगायचं आहे, आणि डॉक्टरांनी ते विचारायचं आहे.

आपले,
परदेशी सेवेतून परतलेले काही स्वयंसेवक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ